स्मृतीची वाटणी

‘ज्याचें जळतें त्यालाच कळतें’ ही आपल्या भाषेंतील म्हण जुनी आहे आणि खरीही आहे. परंतु जळणाऱ्याच्या तोंडीं जें वचन शोभतें, तेंच बघ्याच्या तोंडीं आलें म्हणजे त्याची एक सोयीस्कर सबब होते. ‘ज्याचें जळलें त्यालाच कळणार, तेव्हां आम्हांस कळत नाहीं यांत आमचा काय अपराध?’ असा त्या सबबीचा अर्थ. प्रस्तुत लेख या सबबीविरुद्ध आहे. तो लिहिण्यास जें निमित्त झालें तें प्रथम सांगतों.

गेल्या पावसाळ्यांत विष्णुपुरीस माझ्या घरीं एक सद्गृहस्थ आले होते. त्यांचें घराणें जुनें, सुशिक्षित, पंचक्रोशींत मान असलेलें. त्यांच्या आजोबांनीं निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्यांत भाग घेतला होता, तुरुंगवास भोगला होता आणि घरावर रझाकारांची धाडही सोसली होती. आजोबांच्या नांवें एक धर्मादाय न्यास स्थापावा, त्यांचीं पत्रें, त्यांचा चष्मा, त्यांची खादीची टोपी हीं जपून ठेवावीं, गरीब विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या द्याव्या आणि १७ सप्टेंबरच्या सुमारास एक स्मरणिका काढावी, असा कुटुंबाचा संकल्प होता. ही कल्पना त्यांना ॲम्स्टरडॅम येथें सुचली होती. मुलाकडे युरोपांत गेले असतां त्यांनीं ॲन फ्रँकचें घर पाहिलें. ‘एका कुटुंबानें साऱ्या जगाला आपलें दुःख पाहावयास लावलें, सर. आपणही आपल्या घराण्याचें तसेंच करावें,’ असें ते मला भरल्या कंठानें म्हणाले.

स्मरणिका मीं लिहावी अशी त्यांची इच्छा. मीं आनंदानें होकार दिला आणि एकच गोष्ट विचारली : ‘आजोबांच्या गांवांत १७ सप्टेंबर १९४८ नंतरच्या पंधरा-वीस दिवसांत जें झालें, तेंही स्मरणिकेंत येईल ना?’ गृहस्थ क्षणभर थांबले. मग अत्यंत सौजन्यानें म्हणाले, ‘तो आपला विषय नव्हे. ज्यांचें गेलें, त्यांचीं माणसें लिहितील कीं! आपण आपल्या माणसांचें लिहावें.’ चहा घेऊन ते गेले. स्मरणिकेचें काम माझ्याकडे राहिलें नाहीं, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाहीं. तक्रार आहे ती एवढीच कीं, या गृहस्थांनीं ॲम्स्टरडॅमचें तें घर पाहिलें, परंतु तें घर काय सांगतें हें ऐकलें नाहीं. आणि असे गृहस्थ एकटेदुकटे नाहींत. आपण सारा सुशिक्षित वर्ग याच वृत्तीचा आहों, म्हणून ही गोष्ट चारचौघांत बोलण्याचें योजिलें आहे.

तें घर काय सांगतें? ऑटो फ्रँक हा फ्रँकफुर्ट येथील ज्यू गृहस्थ. पहिल्या महायुद्धांत त्यानें जर्मन सैन्यांत अधिकारी म्हणून चाकरी केली होती. म्हणजे ज्या राष्ट्रानें पुढें त्याला माणूस मानण्याचें नाकारलें, त्याच राष्ट्रासाठीं तो लढला होता. १९३३ सालीं हिटलर सत्तेवर आला आणि हें कुटुंब हॉलंडमध्यें गेलें. १९४० सालीं जर्मन फौजा तेथेंही आल्या. ६ जुलै १९४२ रोजीं फ्रँक कुटुंब ॲम्स्टरडॅममधील एका कालव्याच्या काठीं असलेल्या आपल्या कचेरीच्या मागल्या भागांत लपलें. पुढें आणखी चार माणसें त्यांना येऊन मिळालीं. पंचवीस महिने आठ जीव दिवसा पाय न वाजवितां तेथें राहिले. ४ ऑगस्ट १९४४ रोजीं ते पकडले गेले. आठांपैकीं जिवंत परत आला तो एकटा ऑटो. पत्नी ऑश्विट्झ येथें गेली. दोन्ही मुली बर्गेन-बेल्सेनच्या छावणींत गेल्या. धाकटी ॲन तेव्हां पंधरा वर्षांची होती. तिच्या रोजनिशीचे कागद कचेरींतील मीप गीस या बाईनें उचलून जपून ठेवले होते. ते तिनें बापाच्या हातीं दिले, आणि १९४७ सालीं ती रोजनिशी डच भाषेंत प्रसिद्ध झाली.

येथवरची कथा बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. मला लक्ष वेधावयाचें आहे तें पुढच्या भागाकडे. ऑटोपाशीं त्याच्या मुलीच्या स्मृतीच्या तीन वस्तू राहिल्या : घर, पुस्तक आणि हस्तलिखित. त्यानें या तिहींची वाटणी कशी केली तें पाहण्यासारखें आहे.

घर १९५० नंतरच्या दशकांत पाडलें जाण्याच्या बेतांत होतें. तें वाचविण्याकरितां ॲम्स्टरडॅममधील नागरिक पुढें आले. १९५७ सालीं एक संस्था स्थापन झाली, इमारतीच्या मालकांनीं ती या संस्थेस देऊन टाकली, आणि ३ मे १९६० रोजीं घर सर्वांस खुलें झालें. त्या खोल्यांतील सामान जर्मनांनीं कधींच उचलून नेलें होतें. तें पुन्हा मांडून खोल्या सजवाव्या असें ऑटोस वाटलें नाहीं. त्या रिकाम्याच राहाव्या असें त्यानें ठरविलें, आणि त्या आजही रिकाम्या आहेत. पुस्तकाचें उत्पन्न सत्कार्यास लागावें म्हणून त्यानें १९६३ सालीं स्वित्झर्लंडमध्यें बाझल येथें एक न्यास स्थापिला आणि त्यालाच आपला वारस नेमलें. मुलांचें कल्याण आणि शिक्षण यांसाठीं तो पैसा खर्च होतो. हस्तलिखित मात्र त्यानें मृत्युपत्रानें डच राष्ट्राच्या युद्धकालीन दस्तऐवजांच्या संस्थेस दिलें. ‘ही रोजनिशी बनावट आहे’ असें म्हणणारे पाखंडी युरोपांत निपजले होते. तेव्हां या संस्थेनें कागद, शाई व हस्ताक्षर यांची तज्ज्ञांकडून परीक्षा करवून १९८६ सालीं रोजनिशीची चिकित्सक आवृत्ति प्रसिद्ध केली.

घर नागरिकांस, उत्पन्न मुलांस, आणि पुरावा राष्ट्रास! या तीन वाटण्यांपैकीं एकही घराण्याच्या कपाटांत गेली नाहीं. ज्या बापाचें सर्वस्व जळालें होतें, त्याला ‘ज्याचें जळतें त्यालाच कळतें’ हें म्हणण्याचा अधिकार जगांतील कोणाहीपेक्षां अधिक होता. तो अधिकार त्यानें बजावला नाहीं. परक्यांनाही कळलें पाहिजे, आणि कळूं शकतें, असा त्याचा विश्वास होता. देशोदेशींच्या मुलांनीं त्याला लिहिलेल्या हजारों पत्रांस उत्तरें देण्यांत त्यानें आपलें वार्धक्य घालविलें. माझ्याकडे आलेल्या सद्गृहस्थांनीं त्या घरांत घराण्याचें मोठेपण पाहिलें. तेथें वस्तुतः घराण्यानें केलेला मालकीचा त्याग आहे.

हा त्याग सोपा नाहीं, हें दाखविण्यास त्याच न्यासाचा पुढील इतिहास पुरेसा आहे. ऑटोच्या मागें बाझलचा न्यास आणि ॲम्स्टरडॅमची संस्था यांचें बिनसलें. न्यासानें ठेवण्यास दिलेलीं कौटुंबिक कागदपत्रें परत मागितलीं, प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि २०१३ सालीं निकाल न्यासाच्या बाजूनें लागला. पुढें २०१५ सालीं, रोजनिशीवरील हक्काची मुदत संपत येतांच, छापील आवृत्तीचा ऑटो हाही सहलेखक ठरतो, सबब हक्क त्याच्या मृत्यूपासून, म्हणजे १९८० पासून मोजावे, असा पक्ष न्यासानें मांडला. कायद्याच्या दृष्टीनें त्यांत तथ्य किती हें वकिलांनीं पाहावें. परंतु ‘ही रोजनिशी बापानेंच रचली’ असें जे खोटारडे आयुष्यभर ओरडत आले, त्यांच्या हातीं यामुळें आयतें कोलीत मिळतें, अशी टीका तेव्हां झाली, आणि ती गैरवाजवी नव्हती.

हें मी न्यासाची निंदा करण्यासाठीं सांगत नाहीं. त्या न्यासानें केलेलें काम मोठें आहे. सांगावयाचें तें इतकेंच कीं, स्मृति एकदां वारशाच्या कागदांत शिरली कीं तिला मालमत्तेचे सारे गुणधर्म चिकटतात : हक्क, मुदत, हद्द, वहिवाट आणि भाऊबंदकी. कुटुंबाचा न्यास उत्तम असला तरी तो अपुरा असतो. ज्या समाजांत ती घटना घडली, त्या समाजानें आपला वाटा उचलल्याखेरीज स्मरण पुरें होत नाहीं.

समाजाचा वाटा म्हणजे काय, याचेंही उदाहरण युरोपांतच सांपडतें. गुंटर डेम्निग नांवाच्या जर्मन शिल्पकारानें गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत एक उद्योग आरंभिला. नाझींनीं ज्याला घरांतून ओढून नेलें, त्याच्या शेवटच्या राहत्या घरासमोर पायवाटेंत एक लहानसा चौकोनी दगड बसवावयाचा. त्यावर पितळेचा पत्रा, आणि पत्र्यावर ‘येथें राहत होता’ एवढे शब्द, नांव, जन्मसाल आणि शेवट. दुसरें कांहीं नाहीं. २०२३ च्या मे महिन्यापर्यंत असे एक लक्ष दगड युरोपभर बसले होते. हे दगड मृतांचे वंशज तर बसवितातच. परंतु पुष्कळ दगडांचा खर्च त्या गल्लींतील आजचे रहिवासी आणि शाळेंतील मुलें करतात. ज्यांच्या आजोबांनीं खिडकीचा पडदा बाजूस सारून शेजाऱ्याला नेतांना पाहिलें असेल, त्यांचीं नातवंडें तें पितळ घासून लख्ख ठेवतात. मी याला स्मरण म्हणतों. आपल्या मृतांसाठीं रडणें हा प्रेमाचा धर्म आहे, आणि तो पशूंनाही थोडाबहुत कळतो. ज्याच्या मरणांत आपला हात, निदान आपलें मौन होतें, त्याचें नांव घेणें हा मनुष्यत्वाचा धर्म आहे.

येथें पहिला पूर्वपक्ष उभा राहतो : ‘युरोपांतील ज्यूंचें आम्हांस काय? नांदेड-लातूरच्या माणसानें साठ लक्ष ज्यूंसाठीं कां म्हणून झुरावें?’ या प्रश्नास मी महाराष्ट्रापुरतेंच उत्तर देतों. पहिलें असें कीं, ज्यू हा आपल्यास परका नाहीं. कोंकणांतील बेने इस्राएल शतकानुशतकें आपल्यांत मराठी बोलून राहिले. शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ हें नांव पडलें, आणि त्या नांवापलीकडे आपण त्यांचा कांहीं उपमर्द केल्याचें इतिहास सांगत नाहीं. दुसरें असें कीं, त्या महायुद्धाच्या वणव्यांतून होरपळून आलेल्या माणसांस याच भूमीनें आसरा दिला. कोल्हापुराजवळच्या वळिवडे येथें १९४३ ते १९४८ पर्यंत सुमारें पांच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुलें होतीं. हे लोक हिटलरचे नव्हे, तर स्टालिनच्या हद्दपारीचे बळी. सैबेरिया आणि मध्य आशियाच्या वैराण मुलखांतून इराणमार्गें ते येथें पोंचले. त्या छावणींत वाढलेल्या मुलांनीं वृद्धपणीं संस्था काढून, पुस्तकें लिहून ती आठवण जिवंत ठेवली. २०१९ सालीं वळिवड्यास स्मृतिस्तंभ उभा राहिला. पोलंडची राजधानी वॉर्सा येथेंही कोल्हापूरचें स्मारक आहे. एका परक्या राष्ट्रानें आपल्या राजधानींत कोल्हापूरचें नांव कोरावें आणि आमच्यांतील पदवीधरानें ‘त्यांचें आम्हांस काय?’ म्हणावें, यांत शोभा कोणाची?

तिसरें उत्तर कडू आहे. हिटलरच्या बाबतींत आपण तटस्थ आहों, ही समजूतच खोटी आहे. त्याच्या आत्मचरित्राचें मराठी भाषांतर आपल्या गांवोगांवच्या पुस्तकांच्या दुकानांत व्यक्तिमत्त्व-विकासाच्या पुस्तकांशेजारीं राजरोस मांडलेलें असतें, आणि होतकरू तरुण तें विकत घेतात. ‘आमचे मुख्याध्यापक म्हणजे अगदीं हिटलर!’ हें वाक्य आपण कौतुकानें उच्चारतों. ‘देशाला एक हिटलरच पाहिजे’ हा उद्गार लग्नाच्या पंगतींत, आगगाडीच्या डब्यांत आणि, सांगतांना लाज वाटते, प्राध्यापकांच्या खोलींतही मीं ऐकला आहे. ज्या समाजांत मारेकऱ्याचें पुस्तक घरांत आहे आणि मारलेल्या मुलीचें नाहीं, त्या समाजानें ‘आम्हांस काय?’ असें विचारूं नये. त्यानें आपली बाजू न कळत निवडलेली आहे.

आतां घराकडे वळतों. कारण हा लेख ॲम्स्टरडॅमविषयीं नसून मराठवाड्याविषयीं आहे.

निजामी राजवटीच्या अखेरच्या दोन वर्षांत आपल्या भागांतील प्रजेनें जें सोसलें, तें कमी लेखण्याचा माझा हेतु नाहीं, आणि तसें करणाऱ्याशीं माझें भांडण आहे. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातुरासच वकिली करणारा इसम. बिलोली तालुक्यांतील गोविंदराव पानसरे १९४६ सालीं मारले गेले. बीदरकडील गोरटा गांवांत १९४८ च्या मे महिन्यांत रझाकारांनीं कत्तल केली. तेथें भव्य स्मारक होण्यास २०२३ साल उजाडावें लागलें. म्हणजे आपल्याच हुतात्म्यांच्या बाबतींतही आपलें स्मरण पाऊणशें वर्षें उशिरा येतें! स्वामी रामानंद तीर्थांच्या नांवाचें विद्यापीठ या विष्णुपुरीस १९९४ सालीं १७ सप्टेंबर या दिवशींच स्थापन झालें. परंतु १७ सप्टेंबर म्हणजे काय, हें विचारलें असतां ‘सुटीचा दिवस’ यापलीकडे सांगूं न शकणारे विद्यार्थी माझ्या वर्गांत दरवर्षीं असतात. अनंत भालेराव आणि नरहर कुरुंदकर यांनीं या लढ्याविषयीं लिहिलें, तें वाचणारे किती उरले? अशा स्थितींत कोणी घराणें आपल्या आजोबांच्या नांवें न्यास काढीत असेल, तर त्याचें अभिनंदनच केलें पाहिजे.

परंतु इतिहास १७ सप्टेंबरला संपला नाहीं. १३ सप्टेंबर १९४८ रोजीं भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें, पांच दिवसांत निजाम शरण आला, आणि त्यानंतर कित्येक जिल्ह्यांत सूडाचें थैमान चाललें. त्याची चौकशी करण्याकरितां भारत सरकारच्या वतीनें पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांची समिति १९४८ च्या अखेरीस संस्थानांत फिरली. तिच्या अंदाजानें पोलिस कारवाईच्या वेळीं व त्यानंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसें प्राणांस मुकलीं. सर्वांत अधिक झळ बसलेले चार जिल्हे समितीनें सांगितले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. लातूर तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांत होतें. तेथें वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालली आणि सुमारें दहा हजार मुसलमान वस्तीपैकीं जेमतेम तीन हजार माणसें समितीस आढळलीं. पुष्कळ मारलीं गेलीं होतीं, बाकीचीं पळालीं होतीं. हा अहवाल सरकारनें प्रसिद्ध केला नाहीं. लोकांस तो सहज वाचावयास मिळूं लागला तो २०१३ च्या सुमारास, म्हणजे पासष्ट वर्षांनीं. आंकड्यांविषयीं विद्वानांत मतभेद आहेत, आणि असावेत. परंतु घडलें नाहीं असें कोणीही गंभीरपणें म्हणूं शकत नाहीं.

त्याच अहवालांत दुसरीही एक नोंद आहे, आणि ती आपण पाठ करावी अशी आहे. कित्येक ठिकाणीं हिंदूंनीं आपल्या मुसलमान शेजाऱ्यांस जिवावर उदार होऊन वांचविलें. विशेषतः हिंदू विणकरांनीं मुसलमान विणकरांसाठीं प्राणही दिले. या विणकरांचीं नांवें कोणास ठाऊक आहेत? त्यांचें स्मारक कोठें आहे? ज्यांनीं मारलें त्यांची लाज झांकण्यासाठीं आपण ज्यांनीं वांचविलें त्यांचा गौरवही पुरून टाकला. मौनाचा हा हिशेब आहे : त्यांत पाप जातें तसें पुण्यही जातें.

आणि शोएबुल्ला खान? ‘इमरोज’ पत्राचा हा तरुण संपादक संस्थानानें भारतांत सामील व्हावें असें लिहीत असे, म्हणून १९४८ च्या ऑगस्टमध्यें हैदराबादेस त्याची हत्या झाली. ‘आपण आपल्या माणसांचें लिहावें’ हा नियम लावला तर हा कोणाचा माणूस? त्याला कोणत्या घराण्याच्या न्यासांत जागा मिळेल? हा एकच मनुष्य त्या नियमाचें दिवाळें काढण्यास पुरेसा आहे.

दुसरा पूर्वपक्ष अधिक तीव्र आहे : ‘तुम्ही लातूरची तुलना ऑश्विट्झशीं करतां काय?’ मुळींच नाहीं. एका आधुनिक राज्यानें कागदोपत्रीं योजना आंखून, आगगाड्यांचीं वेळापत्रकें बसवून, कारखान्याच्या पद्धतीनें एका वंशाचा निःपात करणें ही गोष्ट वेगळी. आणि जुलमी राजवट कोसळतांच सुटलेला सूड वेगळा. मी प्रसंगांची तुलना करीत नाहीं. स्मरणाच्या रीतीची करतों. प्रसंग लहान असेल तर कबुली देणें सोपें असावयास हवें होतें. साठ लक्ष मृतांचें ओझें ज्यांच्या माथीं आहे, तें राष्ट्र नांवें कोरतें. आणि आपल्याला एका गल्लींतलें नांव उच्चारतां येत नाहीं, हें कशाचें लक्षण?

तिसरा पूर्वपक्ष : ‘आधीं त्यांनीं केलें, मग झालें तें झालें.’ ज्यानें रझाकारी केली त्याला न्यायालयापुढें उभें करणें हा न्याय होता. आणि कासिम रझवीस तुरुंगवास झालाही. परंतु जो लोहार, जो शिंपी, जी बाई आपल्या मुलासह विहिरीकडे धांवली, तिनें काय केलें होतें? अपराध्याच्या जातीवरून निरपराध्यास शिक्षा देणें, हेंच तर रझाकारांचें तत्त्व होतें. त्या तत्त्वाविरुद्ध लढून मिळविलेल्या स्वातंत्र्याच्या पहिल्याच पंधरवड्यांत आपण तें उचललें, ही कबुली ज्या स्मरणिकेंत नाहीं, तिच्यांतील हुतात्म्यांचाही त्यांत गौरव होत नाहीं. ते कशासाठीं मेले हेंच तिच्यांतून गळतें.

आणि शेवटचा, सर्वांत सौम्य व म्हणूनच सर्वांत घातक पूर्वपक्ष : ‘जुन्या जखमा कशाला उकरावयाच्या? आतां सारे सुखानें नांदत आहेत.’ ज्यानें घाव घातला त्यानें ‘जखम भरली’ असें सांगूं नये. शिवाय, न सांगितलेली गोष्ट मरत नाहीं. ती कुजबुजींत जगते. दोन घरांत तिच्या दोन आवृत्त्या तयार होतात, दोहोंतही आपला तो बळी आणि दुसऱ्याचा तो राक्षस. आणि निवडणुकीच्या हंगामांत कोणीही येऊन त्यांतली हवी ती आवृत्ति फुंकून पेटवितो. पुराव्यानें, नांवानिशीं, दोन्हीं बाजूंस सारख्या कठोरपणें लिहिलेला इतिहास असेल, तर निदान फुंकणाऱ्यास तेथें राखेखेरीज कांहीं मिळत नाहीं.

मी हें उपदेशाच्या सुरांत लिहीत आहें असें वाचकांस वाटेल. म्हणून माझ्या घरचीही एक गोष्ट सांगतों. कंधार तालुक्यांतील आमच्या गांवच्या घरीं तांब्याची एक मोठी देगची आहे. तिला आंतून कल्हई आहे, आणि कांठाजवळ उर्दू अक्षरांत कांहीं कोरलेलें आहे. माझी आजी तिच्यांत कधीं स्वयंपाक करीत नसे. ज्वारीचें बी ठेवीत असे. रझाकारांच्या धाडींच्या गोष्टी आजी आम्हां नातवंडांस रात्रीं रंगवून सांगे : पुरुष माणसें सीमेपलीकडच्या छावणीकडे कशीं गेलीं, बायकांनीं दागिने चुलीखालीं कसे पुरले. पण ‘आजी, ही देगची कोणाची ग?’ असें विचारलें कीं ती कामास लागे. ती गेली, वडील गेले, कोणी सांगितलें नाहीं. मीं इंग्रजींतून युरोपचा इतिहास वाचला, न्युरेंबर्गच्या खटल्यावर व्याख्यानें दिलीं, आणि पन्नाशी उलटेपर्यंत घरांतल्या भांड्यावरचीं अक्षरें कोणाकडून वाचवून घेतलीं नाहींत. ते सद्गृहस्थ चहा घेऊन गेले, त्यानंतरच्या आठवड्यांत मीं गांवीं गेलों आणि उर्दू जाणणाऱ्या एका सहकाऱ्यास तीं अक्षरें दाखविलीं. तें एका माणसाचें नांव आहे. त्याच्या खालीं त्याच्या बापाचें नांव आहे. भांडें विकत घेतलेलें असेल, कोणी विश्वासानें ठेवण्यास दिलेलें असेल, किंवा आणखी कसें आलें असेल. मला ठाऊक नाहीं, आणि ठाऊक असलेलें शेवटचें माणूस मीं विचारण्याच्या आधींच गेलें.

तेव्हां जीं घराणीं न्यास काढूं पाहत आहेत, त्यांच्यापुढें माझें मागणें थोडकें आहे. आजोबांचीं पत्रें व कागद घरच्या कपाटांत न ठेवतां एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयास वा विद्यापीठास द्या, म्हणजे ते उद्यां तुमच्या मताविरुद्धही वाचतां येतील. शिष्यवृत्त्या द्याल त्या जातधर्म न पाहतां द्या, आणि त्यांतील निदान एक अशा विद्यार्थ्यास द्या कीं जो आपल्याच गांवच्या १९४६ ते १९४९ या वर्षांच्या आठवणी, ऐकणारे आहेत तोंवर, दोन्ही मोहल्ल्यांतून गोळा करील. स्मरणिकेंत आपल्या हुतात्म्यांचीं नांवें मोठ्या अक्षरांत छापा. आणि त्याच गांवीं त्या शरदऋतूंत जे मारले गेले, त्यांचीं नांवें मिळतील तितकीं त्याच अक्षरांत, त्याच पानावर छापा. ज्यांनीं शेजाऱ्यास कोठींत लपविलें, त्यांचीं नांवें त्यांच्याही वर छापा. एवढें करणारा न्यास निघाला, तर ऑटो फ्रँकचें घर पाहून आल्याचें सार्थक झालें असें मी म्हणेन. न निघाला, तर ती यात्रा नव्हती; सहल होती.

लातूरच्या गंजगोलाईंत असा एखादा लहानसा दगड मीं पाहावा अशी माझी इच्छा आहे. ती माझ्या हयातींत पुरी होईल असें लक्षण दिसत नाहीं. परंतु देगची माझ्या हातांत आहे. तिच्यावरचें नांव मी येथें छापीत नाहीं. आधीं त्या घराण्याचें कोणी उरलें आहे काय, याचा शोध घ्यावयाचा आहे. त्यांचें कोणी मिळालें तर भांडें त्यांचें आहे. न मिळालें तर तें आमच्या घरांत पुन्हा बी ठेवण्यास जाणार नाहीं, एवढें मीं ठरविलें आहे. आपापल्या माळ्यावर आणि कोठींत एकदां नजर टाकावी, आणि जें दिसेल त्याविषयीं घरांतल्या सर्वांत वृद्ध माणसास, तें आहे तोंवर, विचारावें, अशी वाचकांस विनंति आहे.